कापले वीस मिनिटांत, वाढणार दोन वर्षांत!

सेमिस्टर संपली म्हणून, ब्रेकअप झाला म्हणून, मे महिन्यातला उकाडा सहन होईना म्हणून, केशदान करायचं म्हणून, नाहीतर नुसतीच हुक्की आली म्हणून... पिक्सी कट किंवा थेट बझ कट करायला कारण कोणतंही चालतं. खुर्चीत बसा, वीस मिनिटांत काम तमाम. पहिले काही आठवडे भारीच जातात. अंघोळीनंतर पाच मिनिटांत केस कोरडे, शॅम्पूची बाटली संपता संपत नाही आणि आरशात दिसणारी नवी व्यक्ती आवडायलाही लागते.

मग एक दिवस केस परत वाढवावेसे वाटतात. यात काही चूक नाही. केस कापणं हा जसा मूड असतो, तसा वाढवणं हाही असतो. पण कापणं वीस मिनिटांचं काम असलं, तरी वाढवणं हे दीड-दोन वर्षांचं प्रोजेक्ट आहे. गंमत म्हणजे बहुतेक जण ते चौथ्या-पाचव्या महिन्यात सोडून देतात आणि वैतागून परत सलून गाठतात. केस वाढत नाहीत म्हणून नव्हे, तर मधला काळ कसा काढायचा हे ठाऊक नसतं म्हणून. तेव्हा आधी थोडं गणित करू, मग युक्त्यांकडे वळू.

महिन्याला अर्धा इंच, बस्स!

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे जेमतेम अर्धा इंच. वर्षाचा हिशेब सहा इंचांच्या आसपास जातो. कुणाचे थोडे जास्त वाढतात, कुणाचे कमी. पण 'पंधरा दिवसांत चार इंच' असं ज्या बाटलीवर लिहिलेलं असेल, ती बाटली खाली ठेवून पुढे चालू लागा.

या हिशेबाने पिक्सी कटपासून हनुवटीपर्यंतच्या बॉबला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागतं आणि सगळे केस खांद्यापर्यंत यायला दोन ते अडीच. म्हणजे फर्स्ट इयरला पिक्सी केला असेल, तर थर्ड इयरच्या सेंड-ऑफला केस मोकळे सोडून फोटो काढता येईल. केस कुरळे असतील तर अजून थोडा धीर धरा. ते तेवढेच वाढतात, पण वळणांमुळे वाढलेले दिसत नाहीत. ओला केस हळूच ताणून पाहिला की खरी लांबी कळते.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. ते सगळे एकाच वेळी वाढत नाहीत. दर दहांतले साडेआठ-नऊ वाढीच्या टप्प्यात असतात आणि उरलेले विश्रांती घेऊन गळायच्या वाटेवर. वाढीचा टप्पा साधारण दोन ते सात वर्षं चालतो आणि तो किती चालणार हे बरंचसं आई-बाबांकडून आलेलं असतं. त्यामुळेच एखादीचे केस सहज कमरेखाली जातात आणि तिच्याच रूममेटचे पाठीच्या मध्यावर येऊन थांबतात. दोघींची निगा सारखी असली तरी!

कापल्याने दाट होतात का?

'लहानपणी जावळ काढलं, म्हणून केस दाट आले', हे वाक्य प्रत्येक घरात असतं. खरं तर कात्री किंवा वस्तरा लागतो तो त्वचेबाहेरच्या केसाला आणि हा भाग जिवंत नसतो. केस वाढतो तो त्वचेखालच्या मुळातून. वर काय कापलं गेलं याचा पत्ता मुळाला लागतही नाही. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्येच दाढी करणाऱ्या पुरुषांवर हे मोजून पाहिलं होतं. वस्तऱ्यामुळे केस ना जाड झाले, ना लवकर वाढले.

मग कापल्यावर दाट का वाटतात? वाढलेल्या केसाचं टोक झिजून निमुळतं झालेलं असतं. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून हाताला राठ आणि भरगच्च लागतं. तेवढंच.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. रोज पन्नास ते शंभर केस गळणं नॉर्मल आहे. केस दोन इंचांचे असतात तेव्हा ते गळलेले दिसतच नाहीत. तेच दहा इंचांचे झाले की बाथरूमच्या जाळीत गुंता होतो आणि 'वाढवायला घेतले तर गळायलाच लागले' अशी धडकी भरते. बहुतेक वेळा गळती तेवढीच असते, फक्त आता दिसायला लागलेली असते.

अडनिडे महिने

वयाचा जसा अडनिडा काळ असतो, तसा केसांचाही. तिसऱ्या महिन्यापासून साधारण दहाव्यापर्यंत. कानांवरचे केस पंखासारखे बाहेर येतात, कपाळावरचे डोळ्यांत जातात आणि मानेवरचे कॉलरवर वळून बसतात. कारण सोपं आहे. मानेवरचे केस मुळात खालीच उगवतात, त्यामुळे ते खांद्याला लवकर टेकतात. टाळूवरच्या केसांना तेवढंच यायला कितीतरी लांबचा प्रवास करावा लागतो. सगळ्यांना सारखंच वाढू दिलं की मागे शेपूट आणि वर टोपली, असा अवतार होतो.

यावरची सगळ्यात कामाची युक्ती म्हणजे सुरुवातीला फक्त मानेवरचे केस ट्रिम करायचे, वरच्यांना हात लावायचा नाही. दर दोन-अडीच महिन्यांनी मागची शेपूट उडवायची आणि वरच्या केसांना खाली येऊ द्यायचं. असं करता करता मधेच छान बॉब तयार होतो आणि तिथून पुढचा रस्ता सोपा असतो.

सलूनमध्ये मात्र स्पष्ट बोला. 'थोडेसेच कापा' या वाक्याचा अर्थ प्रत्येक कात्रीगणिक बदलतो. तीन महिन्यांत केस वाढणार पावणेचार सेंटीमीटर. त्यातला एक इंच 'शेप देण्यात' गेला, तर हातात उरला जेमतेम सव्वा. म्हणून बोटाने दाखवा, 'मी केस वाढवतेय' किंवा 'वाढवतोय' हे आधीच सांगा आणि वरून थिनिंग करू नका असंही बजावा. ट्रिम केल्याने केस लवकर वाढत नाहीत. पण टोकांना फाटे फुटले असतील, तर ते वरवर चिरत जाण्याआधी अर्धा सेंटीमीटर काढलेला बरा.

बाकी मग आहेच आपला खजिना: टिकटॉक पिना, चाप, रुंद हेअरबँड, डोक्याला बांधायचा स्कार्फ. रोज एकाच बाजूला भांग पाडण्याऐवजी तो बदलून पाहा, केसांना उभारी येते. पाच-सहा इंच झाले की पुढच्या केसांची छोटी सागरवेणी घालून कानामागे पिन लावता येते. ट्रॅडिशनल डेला नऊवारीवर आंबाडा हवाच असेल, तर छोटी पोनी बांधण्याइतके केस होऊ द्या. मग त्यावर गंगावन बसतं. आजीच्या पेटीत सापडेलही! फक्त ते दिवसभर करकचून बांधू नका.

मुलांनो, हे सगळं तुम्हालाही लागू आहे. एनसीसी सुटल्यावर किंवा तिरुपतीला केस दिल्यावर मॅन बनपर्यंत जायचं असेल, तर हेच गणित आणि हेच अडनिडे महिने. तुमच्या बाबतीत एकच जास्तीची गोष्ट. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकतायत असं वाटलं, तर लांब केसांखाली ते झाकत बसू नका. लवकर दाखवलं तर उपाय जास्त असतात.

वाढ वाढत नाही, लांबी वाचवता येते

या सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा. निरोगी डोक्यावर वाढीचा वेग आपल्या हातात फारसा नाही. आपल्या हातात आहे ती आलेली लांबी टिकवणं. मुळाशी अर्धा इंच वाढला आणि टोकाशी अर्धा इंच तुटला, तर वर्षभर केस 'वाढतच नाहीत'. कारण खांद्यावर आलेल्या केसाचं टोक दोन-अडीच वर्षांचं जुनं असतं. तेवढा काळ त्याने ऊन, धूळ, कंगवा, हेल्मेट, सगळं सोसलेलं असतं.

केस ओला असताना सगळ्यात नाजूक असतो. त्यामुळे खसाखसा टॉवेलने पुसणं बंद. आजोबांचा जुना मऊ पंचा किंवा जुना कॉटनचा टी-शर्ट गुंडाळून पाणी टिपून घ्या. गुंता काढताना रुंद दातांचा कंगवा घ्या आणि टोकाकडून सुरुवात करून वर जा. शॅम्पू टाळूला, कंडिशनर टोकांना. उलटं केलं तर टाळू तेलकट आणि टोकं कोरडी!

टू-व्हीलरवाल्यांनी ओल्या केसांवर हेल्मेट चढवू नये. आत मऊ सुती स्कार्फ बांधला की घासणं कमी होतं, घामही टिपला जातो. हेल्मेटने टक्कल पडतं ही अफवा आहे. केसांसाठी डोकं धोक्यात घालू नका. हॉस्टेलला बोअरवेलचं जड पाणी येत असेल, तर केस राठ होतात, फेस येत नाही. कंडिशनर वापरून आणि शेवटचा एखादा मग पिण्याच्या पाण्याचा घेऊन बराच फरक पडतो. आणि कंगवा स्वतःचाच वापरा. रूममेटशी मैत्री नोट्सपुरती ठेवा, उवांपर्यंत नको.

अडनिड्या केसांना सपाट बसवण्यासाठी रोज स्ट्रेटनर फिरवणं हा सगळ्यात मोठा घोटाळा. स्मूदनिंग, रिबॉन्डिंगचंही तेच. सहा महिने केस छान दिसतात, पण रसायन आणि उष्णता यांनी ते ठिसूळ होतात आणि वाढवण्याच्या काळात ठिसूळ केस परवडत नाहीत. करकचून पोनी, ताणून घातलेल्या वेण्या रोज घातल्या, तर कानशिलावरचे केस कायमचे विरळ होऊ शकतात. पोनीमुळे डोकं दुखत असेल, तर ती घट्टच आहे.

तेल, कांदा आणि गमीज

आजीच्या चंपीचं काय? खोबरेल तेल केस 'वाढवत' नाही, पण वाचवतं. २००३ मध्ये आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसातलं प्रोटीन निघून जाणं खोबरेलने कमी झालं, इतर दोन तेलांनी नाही. हे संशोधक मॅरिको या खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हेही सांगायला हवं. तरी पद्धत साधी आहे: डोकं धुण्याआधी तासभर, थोडंसं, लांबीला आणि टोकांना. कोंडा असेल तर टाळूवर तेल थापू नका, कोंड्याच्या बुरशीला ते आवडतं. अशा वेळी कोंड्याचा औषधी शॅम्पू लावा.

रोझमेरी तेलाची सध्या हवा आहे. तिच्यामागे २०१५ मधला एक छोटा अभ्यास आहे, पण तो टक्कल पडू लागलेल्या पुरुषांवरचा होता. पिक्सी वाढवणाऱ्या निरोगी डोक्याबद्दल तो काहीच सांगत नाही. कांद्याच्या रसाने वाढीचा वेग वाढतो असा भक्कम पुरावा नाही. त्वचेची आग मात्र होऊ शकते आणि लेक्चरला शेजारची बाकं रिकामी होतात ती वेगळीच!

बायोटिनच्या गमीज घेण्याआधी पॉकेटमनी मोजा. नेहमीचं जेवण जेवणाऱ्याला बायोटिनची कमतरता क्वचितच असते आणि कमतरता नसेल तर जास्तीचं बायोटिन घेऊन फायदा झाल्याचे ठोस पुरावे नाहीत. उलट मोठ्या डोसमुळे थायरॉइडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. गोळ्या चालू असतील, तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा.

डब्यात काय आहे?

केस बनतो केराटिन या प्रोटीनपासून आणि शरीराच्या दृष्टीने केस ही चैन आहे. प्रोटीन, लोह कमी पडलं की शरीर आधी हृदय-मेंदूची सोय लावतं, केसांचा नंबर शेवटी. म्हणून लग्नाआधी किंवा डान्स कॉम्पिटिशनआधी महिनाभर फक्त सूपवर राहणाऱ्यांचे केस नंतर मुठीने गळतात.

महागड्या पावडरी लागतातच असं नाही. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रोटीन असतं, मूठभर शेंगदाण्यांत सातच्या आसपास. मटकीची उसळ, हरभरे, पिठलं, दही, मासे, सगळं आपल्याच स्वयंपाकघरात आहे.

लोहाकडे मात्र खास लक्ष द्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे तुमच्या बाकावर दोघी बसल्या असतील, तर एकीची शक्यता आहेच. पालेभाजी, कडधान्यं, हळीव खा आणि त्यावर लिंबू पिळा, त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. जेवणासोबतचा चहा नेमका उलटं काम करतो. म्हणजे पोह्यांवरचं लिंबू योग्यच, पण सोबतचा कटिंग तासभराने घ्या. जड वाटतंय ना? पण करून बघा.

डॉक्टरांकडे कधी?

पावसाळ्यात डेंग्यू किंवा टायफॉइड झाला आणि दिवाळीच्या सुमारास केस भसाभसा गळायला लागले, असं अनेकांचं होतं. दोष मग शॅम्पूला किंवा हेअरकटला दिला जातो. खरं कारण दोन-तीन महिन्यांपूर्वीचा ताप असतो. ताप, ऑपरेशन, कडक डाएट, मोठा मानसिक धक्का यांनंतर बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. सहसा सहा महिन्यांत हे आपोआप थांबतं आणि केस परत येतात.

पण काही गोष्टींत वाट बघायची नाही. नाण्याएवढी गोल चकती, म्हणजे चाई, पडली. भांग रुंद होत चालला. टाळूला खाज, खपल्या, पू आहे. केसगळतीबरोबर सतत थकवा किंवा धाप आहे. पाळी अनियमित आणि चेहऱ्यावर केस, मुरुमं वाढतायत. यातलं काहीही असेल, तर सलूनवाल्या ताईंना किंवा रीलला न विचारता त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड अशा साध्या तपासण्यांतून बरंच कळतं. सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत हे कमी खर्चात होतं. केस हे निमित्त असतं, कधी कधी त्यामुळे मोठा आजार लवकर सापडतो.

केमोथेरपीनंतर केस वाढवणाऱ्यांची गोष्ट अजून वेगळी. उपचार संपल्यावर साधारण एक ते तीन महिन्यांत मऊ लव दिसू लागते. पूर्वी सरळ असलेले केस कुरळे किंवा वेगळ्या रंगाचे येऊ शकतात. कलर, तेल, औषध, काहीही सुरू करण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं. आणि घरात किंवा वर्गात असं कुणी असेल, तर 'किती वाढले' हा प्रश्न रोज विचारू नका.

केस कुणाचे?

आखूड केसांच्या मुलीला या काळात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. कापले तेव्हा 'अगं बाई, हे काय करून घेतलंस?' आणि वाढायला लागले की 'चला, सुचलं एकदाचं शहाणपण!' बोलणाऱ्या मावशी-काकू प्रेमानेच बोलतात, पण बाईच्या केसांवर तिच्याशिवाय सगळ्यांचा हक्क, हा हिशेब आपल्याकडे फार जुना आहे. विधवांचं केस कापून विद्रूपीकरण करणारी केशवपनाची प्रथा याच महाराष्ट्रात होती. ती मोडायला १८९० मध्ये मुंबईत नाभिकांनीच 'आम्ही वस्तरा चालवणार नाही' अशी भूमिका घेतली. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे त्यामागे होते. तीच प्रथा पडद्यावर दाखवणाऱ्या राधाबाईंच्या भूमिकेसाठी तन्वी आझमींनी २०१५ च्या 'बाजीराव मस्तानी'त खरोखर मुंडण केलं. त्याच्या कितीतरी आधी मुंबईच्या पर्सिस खंबाटांनी १९७९ च्या 'स्टार ट्रेक' सिनेमासाठी डोकं तुळतुळीत केलं होतं. सक्तीने गेलेले केस आणि स्वतः ठरवून कापलेले केस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

म्हणून केस वाढवताय तेव्हा एवढं स्वतःला विचारून घ्या: मला हवेत म्हणून, की स्थळं बघायला सुरुवात होणार म्हणून? पहिलं उत्तर असेल तर अडनिडे महिने हसत निघतात. दुसरं असेल तर पाचव्या महिन्यात कात्री शोधाल आणि त्यातही काही बिघडत नाही.

काही जणी केस वाढवतात ते परत कापण्यासाठीच. कर्करुग्णांच्या विगसाठी केस घेणाऱ्या संस्था साधारण बारा इंच लांबी मागतात, म्हणजे आपल्या हिशेबाने दोन वर्षांची वाढ. मनात असेल तर आजच संस्थेचे नियम विचारून ठेवा, कारण काही ठिकाणी कलर किंवा केमिकल ट्रीटमेंट केलेले केस चालत नाहीत.

तोवर दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच आरशासमोर, त्याच बाजूने एक फोटो काढत जा. रोज बघणाऱ्याला केस वाढताना दिसत नाहीत. सहाव्या महिन्यात कंटाळा येईल, तेव्हा पहिला आणि सहावा फोटो शेजारी ठेवा. अडीच इंच म्हणजे काय असतं, ते तेव्हा कळेल.